पहिल्या सत्रापुरती जागा: कॉलेजबाहेरच्या हॉस्टेलची एक निवड

पार्श्वभूमी

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात शिकवतो. सीईटीचा निकाल लागला की पालक मुलांना घेऊन घरी येतात. कोणते कॉलेज, कोणती शाखा, फी किती, यावर तास-दीड तास बोलणे होते. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा उठताना, दाराशी चपला घालताना निघतो. या प्रकरणातही तसेच झाले आणि त्याची किंमत एका मुलीने पाच महिने मोजली. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

विद्यार्थिनी नंदगडच्या पुढच्या एका गावातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, मग खानापुरात पीयूसी सायन्स. घरी अडीच एकर शेती, भात आणि ऊस. आई बचत गटात, धाकटा भाऊ आठवीत. घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. २०२४ च्या सीईटीतून तिला बेळगावातल्या, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात जागा मिळाली. कॉलेज उद्यमबागच्या बाजूला, म्हणजे खानापूर रोडवर.

पहिला निर्णय: थांबायचे की पैसे भरायचे

पहिल्या फेरीत जागा मिळाली की विद्यार्थ्याला चार पर्यायांतला एक निवडावा लागतो. तिने दुसरा निवडला: मिळालेली जागा हातात ठेवायची आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची मिळते का ते बघायचे. तिची वरची पसंती हुबळीची होती. वडिलांना मात्र त्याच आठवड्यात बेळगावचे हॉस्टेल पक्के करून टाकायचे होते. ‘सर, चांगल्या खोल्या आत्ताच भरतात की,’ असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

मी त्यांना थांबवले. हुबळी लागली असती तर बेळगावात भरलेला ॲडव्हान्स बुडाला असता. तो सल्ला आजही मला बरोबर वाटतो, पण तो अर्धाच होता. कॉलेजच्या स्वतःच्या मुलींच्या हॉस्टेलचा अर्ज लगेच देऊन प्रतीक्षा यादीत नाव लावून ठेवा, हे सांगायचे माझ्याकडून राहिले. दुसऱ्या फेरीत जागा तीच राहिली. आम्ही कॉलेजच्या ऑफिसात गेलो तेव्हा हॉस्टेल भरले होते आणि प्रतीक्षा यादीही बंद झाली होती. मागासवर्ग कल्याण खात्याच्या वसतिगृहासाठी ऑनलाइन अर्ज भरला, पण निवड यादी लागायची होती आणि वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते. जे काही ठरले ते या नऊ दिवसांच्या घाईत ठरले.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय घरून जाऊन-येऊन करण्याचा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे तिला तिकिटाचा एक रुपयाही लागला नसता. खानापूर ते बेळगाव सुमारे २५ किलोमीटर, शिवाय कॉलेज खानापूरच्याच बाजूला. कागदावर हे सोपे दिसते. पण गावातून खानापूरला येणारी सकाळची एक बस चुकली की पुढची धरून पहिला तास मिळत नाही, आणि विद्यापीठाला प्रत्येक विषयात ८५ टक्के हजेरी लागते. जाऊन-येऊन रोजचे चार तास गेले असते. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जून ते सप्टेंबरचे वेगळे सांगायला नको. आईने हा पर्याय स्वतःहून बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय बेळगावातल्याच वडगाव भागातल्या मावशीचा. मावशीने मनापासून बोलावले होते. घर दोन खोल्यांचे, माणसे पाच, आणि भिंतीला लागून यंत्रमाग. रात्री नऊपर्यंत खडखडाट. मावशीला नाही म्हणणे घरात सर्वांनाच जड गेले. शेवटी ‘कॉलेज लांब पडते’ असे कारण सांगितले गेले.

तिसरी होती अनगोळमधल्या एका आजींच्या घराची मागची बाजू. दोन खोल्या, स्वतंत्र दार, स्वयंपाकाचा ओटा. महिन्याला ६,६०० रुपये, तिघींत वाटून २,२०० प्रत्येकी. दोन वेळचा डबा २,८०० ला मिळत होता. आजींची एकच काळजी होती, विजेची. गृहज्योती योजनेत त्यांचे बिल शून्य यायचे. मुलींमुळे युनिट वाढून २०० च्या वर गेले की पूर्ण बिल भरावे लागणार. ‘जेवढे येईल तेवढे मुलींनी भरायचे’ एवढी साधी अट त्यांनी घातली. अडचण दुसरीच होती: आजींना तिघी एकदम हव्या होत्या, आणि नव्या गावात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, भरवशाच्या आणखी दोन मुली कुठून आणायच्या? शिवाय वडिलांना वॉर्डन हवी होती.

चौथे, तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडचे खासगी मुलींचे हॉस्टेल. तीन मजले, नवी इमारत, कॉलेज पायी दहा मिनिटे, जेवण आत, वॉर्डन, कॅमेरे, गेटवर वॉचमन. १० महिन्यांचे ७२,००० रुपये, ३६,००० च्या दोन हप्त्यांत, आणि वर डिपॉझिट ८,०००.

निवड कशी झाली

वडील आणि ती शनिवारी दुपारी एक वाजता हॉस्टेल बघायला गेले. फरशी नुकतीच पुसलेली, खोल्या रिकाम्या, तीन कॉट, तीन कपाटे, नळाला पाणी. वॉर्डनबाई गोड बोलल्या, चहा दिला. वीस मिनिटांत दोघे बाहेर आले ते होकार देऊनच.

दुपारी एक वाजता कुठलेही हॉस्टेल चांगलेच दिसते. मुली कॉलेजात असतात. बाथरूमसमोरची रांग सकाळी सातला असते, जेवणाची चव रात्री आठला कळते, आणि दाराला कुलूप कोण लावते ते दहानंतर. पाण्याचेही तसेच. बेळगावच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, तर बाकी भागात ते काही दिवसांआड येते. या हॉस्टेलची भिस्त बोअर आणि टँकरवर होती. हे विचारले असते तर कोणी लपवले नसते, पण विचारलेच गेले नाही.

करार दोन पानांचा, छापील, कन्नडमध्ये होता. वडिलांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मुलीने शाळेत कन्नड घेतलेले. ऑफिसच्या टेबलावर कागद ठेवून, ओळीखाली बोट धरून ती हळूहळू वाचू लागली. वॉर्डनबाई म्हणाल्या, ‘ते सगळ्यांनाच सारखे असते.’ तरी ती थांबली नाही. पहिल्या पानाच्या तळाशी ‘हिंदिरुगिसलागुवुदिल्ल’ या लांबलचक शब्दाशी तिचे बोट अडले. परत केले जाणार नाही. भरलेला हप्ता कोणत्याही कारणाने परत मिळणार नव्हता. त्याखाली ‘मूरु तिंगळ मुंचित’, तीन महिने आधी, लेखी कळवले तरच डिपॉझिट परत आणि पुढच्या हप्त्यातून सुटका. तिने वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. वडील म्हणाले, ‘आपण कुठे मधेच जाणार आहोत?’ आणि सही झाली. तिने मात्र ते तीन महिन्यांचे कलम वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहून ठेवले.

खोलीत किती मुली राहतील, याबद्दल करारात एक शब्दही नव्हता.

आणखी एक गोष्ट. पक्की पावती मागितल्यावर मालकांनी ‘पावती हवी तर १२ टक्के जीएसटी वेगळा’ असे सांगितले. वडिलांनी तिथूनच मला फोन केला. दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला १५ जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे, हे मी फोनवरच मालकांना सांगितले. त्यांनी वाद न घालता पावती दिली. ती पावती पुढे फार उपयोगी पडली.

एकूण ४४,००० रुपये भरले. उसाचे बिल यायला अजून तीन-चार महिने होते. ३०,००० पतसंस्थेतून, १०,००० आईच्या बचत गटातून, बाकी घरातले.

अडचण

ऑक्टोबर बरा गेला. दिवाळीची सुट्टी संपवून ती परतली तेव्हा खोलीत चौथी कॉट लागली होती. कपाटे तीनच. नव्या मुलीचा यात काही दोष नव्हता. तिलाही जागा हवी होती. पण एका मजल्यावर १२ ऐवजी १६ मुली झाल्या आणि बाथरूम तीनच राहिले. सकाळी टाकी साडेसातला संपायची. गिझर वापरायचे म्हणून महिन्याला ३०० रुपये वेगळे मागायला सुरुवात झाली. रविवारी रात्री मेस बंद, म्हणजे बाहेरचे खाणे. ७,२०० चा महिना ७,९०० पर्यंत गेला. पहिल्या अंतर्गत परीक्षेत गणितात ती कशीबशी काठावर आली. त्याचे सगळे खापर हॉस्टेलवर फोडता येणार नाही, मराठी शाळेतून इंग्रजीत गेलेल्या मुलांना पहिले सत्र जड जातेच. पण टेबल नसलेल्या खोलीत, साडेदहाला दिवे बंद होत असताना, कॉटवर मांडी घालून तिने किती अभ्यास करावा?

एवढ्यावर कदाचित निभावले असते. नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी रात्री सव्वाअकराच्या सुमारास पहिल्या मजल्यावरच्या गिझरची वायर जळाली. ठिणग्या, धूर, जळक्या प्लॅस्टिकचा वास. कोणीतरी मेन स्विच पाडला आणि अंधार झाला. मुली जिन्याने खाली धावल्या. जिन्याच्या तळाशी जाळीचे सरकते दार, त्याला बाहेरून कुलूप, किल्ली वॉर्डनकडे, आणि वॉर्डन शनिवारची गावाला गेलेली. वॉचमनकडे फक्त कंपाउंडच्या गेटची किल्ली होती. खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या. मालक हिंदवाडीतून दुसरी किल्ली घेऊन येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली.

धूर तोवर विरला होता, कोणाला काही झाले नाही. पण नंतर तिने मला सांगितले ते विसरता येत नाही. ती सर्वांत पुढे होती. जाळीतून हात घालून तिने ते कुलूप मुठीत धरले होते, आणि मागून मोबाइलचे दिवे पडत होते. ‘सर, ते गार होतं. पंचवीस मिनिटं मी ते धरून होते, सोडवेना.’ ज्या सुरक्षिततेसाठी वडिलांनी हे हॉस्टेल निवडले, ती त्यांच्या मनात याच कुलपाच्या रूपाने होती.

सात दिवस आणि तीन वाटा

वडिलांनी रात्रीच फोन केला. सकाळी मी आणि ते बेळगावला गेलो. वडिलांना तिला त्याच दिवशी घरी न्यायचे होते. मी तिला करारातले कलम विचारले, तिने वही उघडली. पहिला हप्ता फेब्रुवारीअखेरपर्यंतचा होता. तीन महिने आधी म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत लेखी कळवले तर १ मार्चचा ३६,००० चा दुसरा हप्ता टळत होता आणि डिपॉझिटवर हक्क राहत होता. हातात सहा-सात दिवस होते.

लगेच बाहेर पडायचे तर भरलेले तीन महिन्यांचे पैसे जाणार आणि सत्र परीक्षेच्या तोंडावर जागा शोधावी लागणार. तक्रार करून वर्षभर तिथेच राहायचे तर मालकाच्या मर्जीवर राहायचे. तिसरी वाट, आत्ता नोटीस द्यायची, कुलपाचा आणि वायरिंगचा बंदोबस्त ताबडतोब करून घ्यायचा, आणि फेब्रुवारीत परीक्षा संपवून निघायचे. निर्णय तिने घेतला. वडिलांनी एकच अट घातली: कुलपाचे काम होईपर्यंत ती मावशीकडे झोपणार. तीन रात्री ती वडगावला राहिली, आणि मावशीने जुने काही मनात न ठेवता तिच्यासाठी अंथरूण घातले.

पत्र लिहिण्यात दोन दिवस गेले. मसुदा मुलींनी मराठीत केला, एका बैलहोंगलच्या मुलीने तो कन्नडमध्ये उतरवला. मागण्या तीन: जिन्याच्या दाराची एक किल्ली आतल्या बाजूला काचेच्या पेटीत ठेवावी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्यावे, चौथी कॉट काढावी. ४० च्या आसपास मुलींपैकी ११ जणींनी सह्या केल्या. बाकीच्यांच्या घरून ‘आपले नाव पुढे नको’ असे आले. ती भीती मी समजू शकतो. मालकांनी खरेच सह्या केलेल्या मुलींच्या घरी फोन केले, ‘तुमची मुलगी पुढारीपणा करते’ म्हणून. तिच्या वडिलांनी उत्तर दिले, ‘सही करायला मीच सांगितलं.’ त्यांनी सांगितले नव्हते.

पत्राची प्रत कॉलेजच्या प्राचार्यांना दिली. ‘बाहेरच्या हॉस्टेलशी आमचा संबंध नाही’ असे ऐकावे लागेल अशी तयारी होती. म्हणून सोबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांकडे लक्ष वेधले. त्यांत कॉलेजबाहेरच्या खासगी हॉस्टेलांचाही विचार आहे. अशा हॉस्टेलांची नोंद स्थानिक पोलिसांकडे आणि तीही संस्थाप्रमुखाच्या शिफारशीने व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. इथे रॅगिंग झाले नव्हते, पण मुली बाहेर राहिल्या म्हणून कॉलेजची जबाबदारी संपत नाही, एवढे दाखवायला ते पुरेसे होते. प्राचार्यांनी मालकांना बोलावून घेतले. दोन दिवसांत किल्लीची पेटी लागली, आठवड्यात वायरिंग झाले. कॉट तशीच राहिली.

नोटीस घ्यायला मालकांनी नकार दिला. ‘तोंडी सांगितले, पुरे.’ तोंडी पुरत नाही, हे करारच सांगत होता. २९ तारखेला तिने टिळकवाडीच्या पोस्टातून पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवले, आणि त्याच पत्राचा फोटो मालकांच्या व्हॉट्सॲपवर टाकला.

काय वेगळे करता आले असते

वडिलांना मी दोष देणार नाही. कर्ज काढून पैसे भरणारा माणूस एकदाचे सगळे मिटवून टाकायला बघतो. चूक माप निवडण्यात झाली. आम्ही सगळेच ‘चार वर्षे मुलगी कुठे राहील’ या मापाने जागा शोधत होतो. खरे तर सप्टेंबरमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलीला काहीच माहीत नसते: मैत्रिणी कोण, प्रॅक्टिकल किती वाजता सुटते, शहराचा कोणता भाग संध्याकाळी वर्दळीचा आणि कोणता सुना, तिला एकांतात अभ्यास होतो की सोबतीने. हे सगळे एका सत्रात कळते. तेव्हा पहिली जागा एका सत्रापुरतीच शोधावी आणि ती सोडणे सोपे असावे. महिन्याला चार-पाचशे जास्त गेले तरी चालतील, पण हप्ता पाच महिन्यांचा नको, डिपॉझिट एका महिन्याचे हवे, आणि नोटीस ३० दिवसांची. या कुटुंबाने दर महिन्याचा आकडा पाहिला, बाहेर पडण्याचा आकडा पाहिला नाही.

जागा दोनदा बघायला हवी होती, त्यातली एकदा संध्याकाळी सातनंतर, आणि वॉर्डनशिवाय तिथल्या एखाद्या मुलीशी बोलायला हवे होते. करारावर हाताने एक ओळ वाढवून घ्यायला हवी होती: ‘या खोलीत तीनच मुली राहतील.’ मालक त्या वेळी जागा भरायच्या घाईत असतात, अशी ओळ लिहून देतात.

विद्यासिरी योजनेचेही राहून गेले. मागास प्रवर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्यांना त्या वर्षी महिना १,५०० रुपये, वर्षाचे १० महिने मिळत होते. उत्पन्नाची अट असते. कुटुंब ३ब या मागास प्रवर्गातले. खासगी हॉस्टेलात राहिले की हे मिळत नाही, असा घरात समज झाला आणि मुदत गेली. तो समज मी वेळेत दूर करायला हवा होता.

पुढे काय झाले

२८ फेब्रुवारीला तिने खोली सोडली. दुसरा हप्ता भरावा लागला नाही. ८,००० च्या डिपॉझिटमधून रंगकामाचे म्हणून १,५०० कापले. पावती आणि पोचपावती दाखवल्यावर, दोन फोननंतर, मार्चमध्ये ६,५०० खात्यावर आले. गणितात पहिल्या सत्राचा बॅकलॉग राहिला, तो पुढे सुटला.

त्याच हॉस्टेलातल्या दोघी तिच्याबरोबर निघाल्या, त्यांतली एक दिवाळीनंतर चौथ्या कॉटवर आलेली. तिघी मिळून अनगोळच्या आजींकडे गेल्या; मागची बाजू तोवर रिकामीच होती. भाडे, डबा, वीज, सगळे मिळून प्रत्येकीला साडेपाच हजारांच्या आत बसते. कॉलेज लांब पडते, पण सिटी बस मोफत आहे. दाराच्या तीन किल्ल्या आहेत, तिघींकडे एकेक. वडिलांना सुरुवातीला वॉर्डन नसल्याची धास्ती होती. पहिल्या महिन्यात ते दोनदा न कळवता संध्याकाळी जाऊन आले. दोन्ही वेळा आजी ओट्यावर बसून मुलींची वाट बघत होत्या. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत.

यंदा तिच्याच गावातली एक मुलगी पहिल्या वर्षाला आली. हॉस्टेल बघायला तिच्या आईवडिलांबरोबर ही गेली, संध्याकाळी साडेसातला. जेवण चाखले, बाथरूम मोजले, जिन्याच्या दाराची किल्ली आत कुठे असते ते विचारले. मालक वर्षाचे एकदम भरा म्हणत होते. महिना ४०० जास्त देऊन त्यांनी ते महिन्याच्या भाड्याने, फेब्रुवारीपर्यंत घेतले.